बिननात्याची आकेनेते

माझं माडीचं झाड आकेनेतेच्या अंगणाला लागून आहे, आणि सकाळ-संध्याकाळ त्या झाडाच्या शेंड्यावर चढणं हा माझा धंदा. त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगतोय ते वरून डोळ्यांनी बघितलेलं आहे, भिंतीला कान लावून ऐकलेलं नाही. आमच्याकडे घरांना भिंती नसतात, ही गोष्ट वेगळी.

वरून मला अख्खं गाव दिसतं. कोण कुणाच्या चुलीवर जेवतोय, कुणाची डुकरं कुणाच्या परसात, कुठली सून सासूकडे पाठ करून बसलीय, सगळं. पण या गावात एक माणूस बसलेलं मला कधी दिसलं नाही, ते म्हणजे आकेनेते. चटई विणायला टेकली तरी चार पाती गुंफून झाली की उठायची आणि उत्तरेच्या बांधाकडे चालू पडायची. भात चुलीवर ठेवून जायची. अंगावर अर्धी बादली पाणी ओतून जायची. एकदा तर प्रार्थना म्हणता म्हणता गेली, आणि उरलेली प्रार्थना बांधावर उभं राहून समुद्राला ऐकवली. मी वरून ओरडलो, "अगं, देव इकडे आहे, तिकडे शार्क आहेत!" तर म्हणाली, "तुझ्यापेक्षा शार्क बरे ऐकतात, उरियाम."

बांध कुणी बांधलेला नाही. समुद्रानंच वर्षानुवर्षं पोवळ्याची खडी आणून गावाच्या टोकाला रचून ठेवली आहे. त्याच्या पाठीमागे आमची गोड्या पाण्याची विहीर आणि बाबाईचे खड्डे. बाबाई म्हणजे अळूचा थोरला भाऊ. पान माझ्या डोक्यावरून जातं, आणि कंद पोसायला एवढी वर्षं घेतो की लावणाराचा मुलगा तो खातो. पाहुणा आला, लग्न निघालं, मयत झालं, की बाबाई लागतो. भात काय, तो बोटीवरून येतो, कुणीही शिजवतो. ज्याच्या खड्ड्यात बाबाई त्याला घर आहे असं म्हणायचं.

पण खड्ड्यात समुद्र एकदा शिरला की संपलं. आमच्याच बेटाच्या दक्षिण टोकाच्या लोकांचे खड्डे असेच गेले. पश्चिमेचा वारा सुटला, उधाण आलं, आणि सकाळी उठून बघतात तो खड्ड्यात मासे. ते लोक पहिल्या दिवशी हसले म्हणे, मासे पकडले, भाजून खाल्ले. मग पानं पिवळी पडायला लागली. आता त्या खड्ड्यांत ते फुटक्या बादल्या टाकतात. आणि समुद्र माझ्या लहानपणी जिथं थांबायचा तिथं आता थांबत नाही, हे सांगायला मला झाडावर चढावं लागत नाही.

आता मेख अशी, की बांधाची ही खडी सगळ्यांनाच हवी असते. अंगणात पसरायला, थडग्यांवर घालायला, सिमेंटात कालवायला, आणि सगळ्यात गंमत म्हणजे आपापल्या घरापुढे समुद्राला अडवायची भिंत बांधायला! गावाचा बांध फोडून ज्यानं त्यानं आपल्या दारात वीतभर बांध घालायचा. आम्ही हुशार लोक.

तर राजधानीहून नेई रुता नावाची सरकारी बाई आली. नेई म्हणजे बाई, पण ही पोर होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. तिनं मानेआबात, म्हणजे आमच्या गावसभेच्या छपराखाली, एक मोठा नकाशा पसरला. पुढच्या वर्षांत पाणी कुठं कुठं येईल, काय राखायचं, कुठं खारफुटी लावायची, असा सगळा आराखडा. उत्तरेच्या बांधावर तिनं लाल रेघ मारलेली होती. "इथली मूठभर खडीसुद्धा हलता कामा नये," ती म्हणाली. "राखणदार नेमा."

"नेमला होता," तेबूका म्हणाला.

हा तेबूका आमच्या गावच्या म्हाताऱ्यांचा म्होरक्या. अंगानं दणकट, आवाजानं लोणी. मानेआबात पहिला शब्द त्याचा, शेवटचाही त्याचाच, आणि मधले शब्द बहुतेक त्याच्या भावांचे.

"मग काय झालं?"

"पहिला कौरे होता. त्याच्याकडे त्याचा मेहुणा गेला."

"बरं?"

"मेहुणा गेला," तेबूकानं तेच पुन्हा, जरा सावकाश सांगितलं. पोर राजधानीत वाढलेली, पण आमचीच. तिनं मान हलवली.

आमच्यात नात्यातला माणूस समोर येऊन बसला आणि 'बुबुसी आहे' म्हणून त्यानं काही मागितलं, की नाही म्हणता येत नाही. सायकल मागितली, सायकल द्यायची. अंगातला सदरा मागितला, काढून द्यायचा. माझं एक डुक्कर असं चार घरं फिरून परत माझ्याकडे आलंय, बिचारं वाळून गेलं होतं चालून चालून. नाही म्हटलं तर कुणी मारत नाही. फक्त मग लोक तुमच्याकडे बघतात ते आरपार, जसं काही तुमच्या जागी मोकळी हवाच आहे. आणि एवढ्याशा बेटावर नात्यात नसलेला माणूस आणायचा कुठून? कौरेनंतर दुसरा नेमला, त्याच्याकडे काका गेले. तिसऱ्याकडे त्याची स्वतःची आई गेली.

रुता नकाशाच्या कडेशी चाळा करत बसली होती. मग म्हणाली, "म्हणजे ज्याच्याकडे गावातलं कुणीच मागू शकत नाही, असा माणूस हवा."

सगळे हसले. तेबूका म्हणाला, "असा माणूस या गावात जन्मत नाही, पोरी."

"जन्मत नसेल. लग्न करून आलेलं कुणी असेल?"

हसणं थांबलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम कडेच्या खांबाकडे वळल्या. तिथं आकेनेते बसली होती. म्हणजे अर्धी उठलेली होती, नेहमीसारखी.

मानेआबात ज्या त्या घराण्याची ठरलेली जागा असते. आजोबा बसले तिथं नातू बसतो. कडेचा तो खांब परक्यांचा. बोटीतून उतरलेला पाहुणा, औषधवाला, शाळेचा नवा मास्तर, यांच्यासाठी. आकेनेते दूर दक्षिणेतल्या आरोराए बेटावरची. आमच्या बेनियामिनाशी लग्न करून इथं आली तेव्हा केस काळेभोर होते. बेनियामिना आपल्या घराण्यातला शेवटचा, बाकीचे भाऊबंद कधीचेच फिजीला निघून गेलेले. तो होता तोवर ती त्याच्या जागेवर त्याच्यामागे बसायची. मूलबाळ झालं नाही. साखरेच्या दुखण्यानं त्याचा आधी पाय गेला, मग तो गेला, आणि पुढच्या सभेला आकेनेते आपणहून त्या खांबापाशी जाऊन बसली. कुणी 'इकडे ये' म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं; आमच्या घराण्याच्या जागेत माझेच गुडघे मावत नाहीत.

त्यात तिचं तोंड दक्षिणेकडच्या बेटांचं. ते लोक काटकसरी, पहाटे उठणारे, प्रत्येक गोष्टीत वाकडं बघणारे. आमच्या बायकांनी चटई विणली की ही दोन बोटांत धरून म्हणायची, "छान आहे. मासे गाळायला का?"

तर सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिला ते कळायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "बरंय. इतकी वर्षं 'ही आपली नव्हे' म्हणत होतात. आज तुमच्या म्हणण्याचा काहीतरी उपयोग झाला."

आणि राखणदार झाली.

काय राखला बांध तिनं! पहिल्याच महिन्यात कौरे पोतं घेऊन गेला. लाडीगोडीनं म्हणाला, "काकी, थोडीशीच हो. आईच्या थडग्यावर घालायला."

"काकी? तुझ्या काकाशी कधी लागलं माझं लग्न? मला कुणी बोलावलं नाही त्या लग्नाला."

"म्हणजे आपलं… मानानं म्हणतो."

"मानानं म्हणतोस तर मानानं पोतं घडी कर. तू माझा कोण?"

कौरेनं पोत्याची घडी केली. हा एक प्रश्न तिनं गावातल्या प्रत्येकाला विचारला असेल. चर्चच्या पायऱ्यांसाठी खडी मागायला गेलेल्या प्रार्थना-प्रमुखाला विचारला, वर म्हणाली, "आणि तुमचं चर्चही माझं नाही, माझं दुसरं." व्हॉलीबॉलवाल्या पोरांना विचारला. मला तर मी काही मागायच्या आधीच विचारला.

पुढची काही उधाणं आली नि गेली, आणि बांध जागचा हलला नाही. खड्ड्यांतली पानं हिरवीगार. रुता येऊन मोजून गेली, खूश झाली. पण आकेनेतेचं उठबस करणं थांबलं नाही, उलट वाढलं. सभेच्या दिवशी मी तिला त्या खांबापाशी बघायचो. समोर घराण्याघराण्यांतून जेवणाची पानं पुढं सरकवली जातायत, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बायका हसतायत, आणि ही बोटांनी चटईची कड उसवत बसलेली. ओठ हलायचे. मला वाटायचं प्रार्थना म्हणते.

मग तेबूकाच्या धाकट्याचं लग्न ठरलं. सून तारावाच्या, म्हणजे राजधानीच्या, शाळेत शिकलेली. तिला सिमेंटची जमीन हवी. म्हणजे तिनं मागितली असं नव्हे, तेबूकाच्या बायकोनं परस्पर जाहीर केलं की आमची सून वाळूत पाय ठेवणार नाही. सिमेंट बोटीनं आलं. ट्रॅक्टर होताच. राहिली खडी.

तेबूकानं आकेनेतेला विचारलंसुद्धा नाही. एवढा कच्चा नव्हे तो. तो महिनाभर म्हाताऱ्या बायकांच्या मागं मागं फिरत होता, कुणाची पणजी कुठं दिली, कुणाचा चुलता कुठल्या बोटीवर गेला. गावात ही एक नवीच साथ आली होती म्हणा. ज्याला त्याला आरोराएचा एखादा पूर्वज हवा होता. कौरेनं तर एक मावशी शोधून काढली होती. आकेनेतेनं त्या मावशीच्याच पिढ्या म्हणून दाखवल्या आणि तिला दुसऱ्याच बेटावरची ठरवून बुडवली.

त्या दिवशी सभा खारफुटीच्या रोपांसाठी होती. वारा नुकताच पश्चिमेला वळला होता. असा वारा सुटला की आमच्याकडे कुणाला काही सुचत नाही. कुत्री उगाच भुंकतात, माणसं बोलता बोलता छपराकडे बघतात. रोपांचं झालं, आणि तेबूका उठून उभा राहिला. कपाळाला फुलांचं कडं बांधून आलेला. मी मनात म्हटलं, आता काहीतरी आहे.

"एक चूक सुधारायची आहे," तो म्हणाला. लोण्यात अजून लोणी. "आपलं एक माणूस आपण परक्यांच्या खांबापाशी बसवून ठेवलंय." आणि त्यानं वंशावळ म्हणायला सुरुवात केली. वंशावळ म्हणताना आमच्याकडे मध्ये कुणी बोलत नाही, खोकतसुद्धा नाही. "आमचा बाकोआ. बाकोआचा मुलगा तेवेईया. तेवेईयाच्या मुली दोन, तोरिका आणि तिंगा. तोरिका इथंच राहिली, तिचे आम्ही. धाकटी तिंगा आरोराएच्या होडीतून गेली, तिथं तिनं लग्न केलं, तिच्या पोटी…"

"तिंगा नव्हे," खांबापाशी आवाज आला. "तिंगा लहानपणीच तापानं गेली. आरोराएला आली ती तोरिका. इथं राहिले ते तेवेईयाच्या भावाचे, तुम्ही त्यांचे. तोरिका माझ्या आजीची आई. एवढं तरी नीट म्हणा."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि ती थांबली. मी तिचा चेहरा बघत होतो. चटईची कड धरलेली बोटं तशीच राहिली. आरोराएच्या माणसाला काहीही सहन होतं, पिढ्या चुकीच्या म्हटलेल्या सहन होत नाहीत. हे तेबूकाला ठाऊक होतं का? त्यानं तिंगाचं नाव मुद्दाम घेतलं का? मी त्याला नंतर पाच-सहा वेळा खोदून विचारलं. तो म्हणतो, "म्हातारा झालो, उरियाम, विसरतो." त्याला गावातल्या प्रत्येक डुकराचा बाप आठवतो.

मानेआबात कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे हिला माहीत होतं."

तेबूका चालत गेला, तिच्यापुढे हात केला. तिला त्यांच्या घराण्याच्या जागेवर नेऊन बसवलं, मधल्या खांबाजवळ, चांगल्या चटईवर. बायका सरकल्या. एकीनं आपलं फुलांचं कडं काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. आकेनेते बसली. मी पहिल्यांदा तिला नीट बसलेली बघितली, दोन्ही पाय दुमडून, पाठ टेकून. डोळे पुसले नाहीत तिनं, वाहू दिले. आणि तेबूका तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "बहिणी, बुबुसी आहे."

त्या दिवशी मला तेबूकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हे लिहून ठेवतो. अर्थात दिली नाही. तो माझ्याही बायकोचा चुलता लागतो.

"माग, दादा," ती म्हणाली.

संध्याकाळी मी झाडावर होतो. ती खाली अंगणात गोल गोल फिरत होती, डोक्यावर ते फुलांचं कडं तसंच.

"तुला कधीपासून माहीत होतं गं?" मी वरून विचारलं.

"आले त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बेनियामिना म्हणाला, बोलू नकोस. आपले खड्डे दोन आणि ते तीस तोंडं, लग्नाच्या आठवड्यातच खड्डे रिकामे होतील." ती थांबली. "तो गेल्यावर बोलणार होते. प्रत्येक सभेला तोरिकाचं नाव ओठांवर आणायची. म्हणायचं, मी तिची. मला सरकून जागा द्या. मग ती सरकारी पोर आली आणि मी ते नाव गिळलं. नंतर बोलले असते तर पहिल्या दिवशी बांध गेला असता."

"आणि आज?"

"आज तो मेला तिंगा म्हणाला ना!" ती ओरडली, आणि बांधाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. तेबूकाच्या मुलांनी फावड्यांनी खडी भरली, खेप गेली, परत आली. आकेनेते जवळ उभी होती. तिनं दिलं होतं, तिला काही बोलता येत नव्हतं. दुपारपर्यंत बांधाच्या मधोमध अशी खाच पडली, की झाडावरून मला तिच्यातून पलीकडच्या लाटा दिसायला लागल्या. इतकी वर्षं त्या जागी मला नुसतं आभाळ दिसायचं. माझा माडी काढायचा कोयता दोनदा हातातून निसटला. त्या खाचेच्या बरोबर खाली, सगळ्यात जवळ, आकेनेतेचे दोन खड्डे.

आणि पुनवेचं उधाण आठवड्यावर आलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तेबूकाकडे माडी पोचवायला गेलो तर आकेनेते समोरून आली. न्हालेली, केसांना तेल, डोक्यावर ताजं कडं. रीतीप्रमाणे चटईच्या कडेला बसली. तेबूका खूश झाला. नव्या बहिणीला नारळ फोडून दिला.

"दादा, बुबुसी आहे," ती म्हणाली.

"माग, माग! चटई हवी? भांडं?"

"अंगणातला तो खडीचा ढीग."

तेबूकाचा हात नारळावरच राहिला. "अगं, तो तूच तर परवा दिलास!"

"परवा तुला हवा होता. आज मला हवाय."

"पण… लग्न आहे, बहिणी. जमीन करायचीय."

"हो का? मला बोलावणं आलं नाही अजून. बहिणीला सांगायला विसरलात वाटतं."

आतून तेबूकाच्या बायकोचा आवाज आला, "दे आता! महिनाभर चपला झिजवून सख्खी शोधून आणलीस ना? दे!" आणि ती अशी हसत सुटली की तिला ठसका लागला.

"आणि ट्रॅक्टर," आकेनेते म्हणाली. "मी काय डोक्यावरून नेऊ? आणि पोरं दे दोन, भरायला."

तेबूका माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी सोडवीन. मी माडीच्या बाटलीचं बूच घट्ट करत होतो.

त्यानं दिलं. द्यावंच लागलं. पण परत आणलेली खडी पुरेना. फावड्यानं काढलेलं फावड्यानं भरून निघत नाही, समुद्र जसं ठोकून ठोकून बसवतो तसं माणसाला येत नाही. मग आकेनेते निघाली घरोघर. आता तेबूकाची बहीण म्हणजे निम्म्या गावाची आत्या, आणि उरलेल्या निम्म्याची आत्याची कोणीतरी. कौरेच्या घरी गेली. कौरे तिला बघून चुलीमागे लपला, तिनं चुलीशीच बसून मागितलं. "कौरे बाळा, बुबुसी आहे. अंगणातली खडी."

"काकी, अहो चिखल होईल अंगणात!"

"होऊ दे. पाय धुवायला विहीर राहील, हे काय कमी आहे?"

अंगणाअंगणांतून पोती निघाली. पोरीबाळी, सुना, व्हॉलीबॉलची टीम, प्रार्थना-प्रमुखसुद्धा टोपली घेऊन. थडग्यांवरची खडी मात्र तिनं मागितली नाही. मेलेल्यांकडे बुबुसी लागत नाही, एवढंच कारण असावं. माझ्या अंगणात खडी नव्हती, तर माझी पाठ मागितली. मी तीन दिवस टोपल्या वाहिल्या आणि अजून वाकलो की कण्हतो. सगळी माणसं चिडलेली, घामेजलेली, एकमेकांवर खेकसणारी. वारा थांबायचं नाव नाही. मध्येच सगळे थांबून समुद्राकडे बघायचे, मग पुन्हा टोपली उचलायचे.

उधाण भरलं ते चढत्या सकाळी. आम्ही सगळे बांधावर होतो, आणि बांधावर काही करण्यासारखं नव्हतं. लाट येऊन खाचेतल्या नव्या खडीला धडकायची, खडी खळखळ करत सरकायची, पोरं आणखी पोती टाकायची. वरून पाणी आलं नाही. पण खालून, दगडादगडांमधून, ते झिरपत होतं, आणि बांधाच्या आतल्या बाजूला एक ओहोळ फुटला. बारीक, मनगटाएवढा. तो सरळ आकेनेतेच्या पहिल्या खड्ड्यात उतरला.

ती खड्ड्यात उडी मारून हातांनी माती लावत होती. तेबूकाही उतरला, ते सगळं धूड घेऊन. "सरक," म्हणाला, आणि त्या ओहोळाच्या तोंडाशी चक्क बसला. बूच बसवावं तसा. भरती उतरेपर्यंत तिथून उठला नाही, नुसता शिव्या देत राहिला, पाण्याला, मुलाला, सिमेंटाला, तारावाच्या शाळेला.

विहीर वाचली. बाकीचे खड्डे वाचले. आकेनेतेचा पहिला खड्डा गेला. पंधरवड्यात पानं कडेनं पिवळी व्हायला लागली. दुसरा अजून कळत नाही. ती रोज त्यातलं पाणी बोटानं चाखून बघते आणि रोज निराळं काहीतरी सांगते.

लग्न झालं, वाळूवरच झालं. सुनेनं चपला काढल्या आणि नाचली. तिला काही फरक पडलेला दिसला नाही.

आता तुम्ही विचाराल, राखणदार कोण? कारण आकेनेतेला आता सगळं गाव मागू शकतं. रुता आली तेव्हा तिनंही हेच विचारलं, फार काळजीनं. पण झालंय असं, की बांधाकडे कुणी फिरकतच नाही. आकेनेते तिथं उभी असते, आणि ती कुणाकडे काय मागेल याचा नेम नाही. पोतं घेऊन गेलेला माणूस तोंड उघडायच्या आत ही म्हणते, "बरं झालं आलास, बुबुसी आहे." कौरे जाळं हरवून आला. प्रार्थना-प्रमुख घड्याळ हरवून आले. आता लोक मासेमारीला जायचं तर गावाला वळसा घालून दक्षिणेकडून जातात.

मला वळसा घालायची सोय नाही, माझं झाड इथंच. माझा सायकलचा पंप गेला, एक कोंबडी गेली, आणि परवा तिनं मला झाडावर गाणं बंद करायची बुबुसी घातली. मी म्हटलं, "अगं, हे मागता येत नाही." म्हणाली, "मी मागितलं ना?"

सभेला ती मधल्या खांबाजवळ बसते. चांगल्या चटईवर, फुलांचं कडं घालून. जेवणाचं पान पहिल्यांदा तिच्याकडे सरकवतात. पण पलीकडून हसत तिच्या पाठीला पाठ लावून बसायला अजून कुणी धजत नाही, मध्ये थोडी जागा राहते.

काल संध्याकाळी मी वर होतो. तेबूका तिच्या अंगणात आला. हातात ओलं पोतं होतं. मी कोयता थांबवला. ती चटकन उठली, बोलायला तोंड उघडलं, आणि त्यानं हात वर केला.

"आज काही मागू नकोस," तो म्हणाला. "मीही मागणार नाही."

"मग आलास कशाला?"

त्यानं पोतं खाली ठेवलं. आत बाबाईचे कोंभ होते, तीन-चार, मुळांसकट, त्याच्या खड्ड्यातल्या जुन्या जातीचे. ते घराबाहेर जात नाहीत, त्याच्या भावांनाही मिळालेले नाहीत.

"मी मागितले नव्हते," ती म्हणाली.

"म्हणूनच आणले. तू मागितल्यावर काय काय जातं ते बघितलंय मी."

"खड्डा खारा आहे. कुजतील."

"दुसऱ्यात लाव."

"दुसऱ्याचंही कळत नाही."

"पाऊस पडेपर्यंत पोत्यात ठेव. पाणी शिंपडत जा."

तो चटईवर बसला, ती त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या तोंडाशी काहीतरी येत होतं आणि दोघं ते परत आत ढकलत होते, हे मला वरून स्वच्छ दिसत होतं. तेबूकाची नजर तिच्या चांगल्या चटईवरून फिरली आणि त्यानं ती जबरदस्तीनं समुद्राकडे वळवली. तिनं त्याच्या कमरेच्या नव्या पट्ट्याकडे बघितलं.

बांधाकडून लाटांचा आवाज जरा बदलला. भरती लागली होती.

ती उठली. "बस तू," म्हणाली, "मी आलेच," आणि बांधाकडे चालू पडली. तेबूका जरा वेळ बसला, पोत्यावर पाण्याचा हात फिरवला, कपाळ पुसलं, आणि मग तोही कण्हत उठून तिच्या मागून निघाला.